उलटे चित्र आणि वस्तूंची नावे

बेटी एडवर्ड्‌स यांच्या ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ (१९७९) या ग्रंथात विद्यार्थी पिकासोकृत स्ट्राविन्स्कीचे रेखाचित्र उलटे ठेवून त्याची प्रतिकृती काढतो. ‘हात’, ‘चेहरा’ ही नावे सुचेनाशी झाली की रेषा दिसू लागते, हा त्याचा अनुभव यथार्थ आहे. त्यावरून भाषेला दर्शनाची वैरीण ठरविणे मात्र सयुक्तिक नव्हे. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांमधील जी कार्यविभागणी या उपपत्तीला आधारभूत आहे, ती उत्तरकालीन संशोधनात तितकी काटेकोर ठरलेली नाही. शिवाय कड, अवकाश, प्रमाण, छायाप्रकाश ही परिभाषा लेखिका स्वतःच शिकवितात. तात्पर्य, विद्यार्थी वस्तूंची नावे बाजूस सारून त्यांच्या परस्परसंबंधांची नावे आत्मसात करतो. म्हणून चित्रकलेच्या शिक्षकाने मौनाइतकीच परिभाषेचीही काळजी वाहिली पाहिजे.