टोनी मॉरिसन यांची 'रेसिटेटिफ' : वाचकाची वांशिक गृहीतके आणि मॅगीचा प्रश्न

कथात्म साहित्यातील पात्राचा वंश लेखकाने सांगितला नसेल, तर वाचक तो कोठून आणतो? टोनी मॉरिसन (१९३१-२०१९) यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा कथालेखन आणि समीक्षा या दोन्ही अंगांनी केला. 'प्लेइंग इन द डार्क' (१९९२) या समीक्षाग्रंथात हेमिंग्वे यांच्या एका कादंबरीची चर्चा करताना त्या दाखवून देतात की, तेथील एक पात्र श्वेतवर्णीय आहे हे वाचकास कळते ते कोणीही तसे सांगत नाही म्हणूनच. अनुल्लेख म्हणजे गोरेपणा, हा अमेरिकन वाचनव्यवहारातील अलिखित नियम होय. तो इतका मुरलेला आहे की उल्लेख असूनही वाचक तो ओलांडून जातो. सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) या कादंबरीत रू या मुलीची त्वचा गडद तपकिरी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे; तरीही २०१२ च्या चित्रपटात ती भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली, तेव्हा काही वाचकांनी फसवणूक झाल्यासारखी नाराजी व्यक्त केली.

'रेसिटेटिफ' (१९८३) ही मॉरिसन यांची कथा या नियमाचाच आधार काढून घेते. ट्वायला आणि रोबर्टा या आठ वर्षांच्या दोन मुली एका अनाथाश्रमात चार महिने एकाच खोलीत राहतात. एकीची आई रात्र-रात्र नाचते, दुसरीची आजारी आहे. दोघींपैकी एक गोरी व एक काळी, एवढे निश्चित सांगितले जाते. कोण कोणती, हे शेवटपर्यंत सांगितले जात नाही. अनुल्लेखावरून दोघींनाही गोरे ठरविण्याची सोय उरत नाही, आणि वाचक खुणा शोधू लागतो.

खुणा विपुल आहेत. फक्त प्रत्येक खूण दोन्हीकडे वळते. छातीवर भलामोठा क्रूस आणि हाती बायबल घेऊन आलेली रोबर्टाची आई ट्वायलाच्या आईशी हस्तांदोलन करीत नाही. हा गोऱ्या स्त्रीचा वर्णाभिमान मानावा, की नाचणाऱ्या गोऱ्या बाईविषयी धर्मनिष्ठ काळ्या स्त्रीला वाटलेला तिटकारा? पुढे तरुण रोबर्टा जिमी हेन्ड्रिक्सला भेटायला निघालेली दिसते. परंतु हेन्ड्रिक्सच्या चाहत्यांत गोरे तरुणही असंख्य होते. ट्वायला अग्निशामक दलातील माणसाशी लग्न करते, तर रोबर्टा संगणक उद्योगाने श्रीमंत झालेल्या वस्तीत नोकर-चाकरांसह राहते. येथे वाचक वंशाचे अनुमान वर्गावरून काढतो आणि आपण तसे करीत आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

या कथेवरील एलिझाबेथ एबल यांचा १९९३ चा लेख या दृष्टीने उद्बोधक आहे. एबल या श्वेतवर्णीय समीक्षिकेने ट्वायला गोरी असल्याचे मानले होते. ज्यांच्यामुळे ही कथा त्यांच्या वाचनात आली, त्या कृष्णवर्णीय स्त्रीवादी अभ्यासक लूला फ्रॅग्ड यांना मात्र ट्वायला काळी असल्याची तितकीच खात्री होती. संहिता एकच, आणि दोन्ही खात्री सारख्याच पक्क्या. एबल यांनी कथेपेक्षा स्वतःच्या खात्रीची तपासणी केली, हे त्यांच्या लेखाचे मोल.

मराठी भाषक वर्गात ही कथा शिकविताना एक निराळी अडचण येते. केस, खाद्यपदार्थ, गायक यांविषयीचे अमेरिकन संकेत येथील विद्यार्थ्याच्या अंगवळणी नसतात. त्यामुळे तो पुष्कळदा खुणा न टिपताच पुढे जातो. मराठी कथेत आडनाव, बोली वा वस्तीचे नाव आले की जातीचा अंदाज बांधणारा हाच विद्यार्थी असतो, ही गोष्ट शिक्षकाने त्याच्यासमोर ठेवण्याजोगी आहे. मात्र साम्य एवढ्यावरच थांबते. जात आणि वंश यांचा इतिहास एक नव्हे, आणि कथेतील अमेरिकन तपशील पुसून तिचे देशीकरण करणे हा सोपा पण चुकीचा मार्ग ठरेल.

तथापि 'रेसिटेटिफ' हे केवळ कोडे मानणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि वर्गातील चर्चा बहुधा तेथेच अडते. कथेच्या मध्यभागी मॅगी आहे: आश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, मुकी, वाकड्या पायांची. एकदा ती बागेत पडते आणि मोठ्या मुली हसतात, एवढेच ट्वायलाला आठवते. अनेक वर्षांनी रोबर्टा सांगते की ती पडली नव्हती, तिला पाडले गेले होते. पुढे शाळांच्या वांशिक एकत्रीकरणासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठविण्यावरून आंदोलन पेटते. त्यात दोघी परस्परविरोधी बाजूंना उभ्या असताना रोबर्टा आरोप करते: एका गरीब काळ्या म्हातारीला तू लाथा मारल्यास. ट्वायला गोंधळते, मॅगी काळी होती हेच तिला आठवत नाही. कथेत मॅगीच्या त्वचेचा रंग वाळूसारखा सांगितला आहे.

येथे पात्रेच वाचक होतात. मॅगीचा वंश त्यांना लहानपणी पडलेला प्रश्न नव्हता. भांडणात आरोपाला धार हवी होती तेव्हा तो स्मृतीत भरला गेला. वाचक ट्वायला-रोबर्टाच्या बाबतीत जे करतो, तेच रोबर्टा मॅगीच्या बाबतीत करते. फरक इतकाच की रोबर्टाला त्याची लाज वाटू लागते. शेवटच्या भेटीत ती कबूल करते की मॅगी काळी होती की नाही, हे आपल्याला खात्रीने ठाऊक नव्हते. आपण तिला मारलेही नाही, पण मारावेसे मात्र वाटले होते. ट्वायलानेही ही इच्छा आधीच स्वतःशी ओळखलेली आहे. ती हाक मारू शकत नव्हती, कोणाचे नाव सांगू शकत नव्हती, आणि त्यातच तिच्याविषयीच्या रागाचे मूळ आहे. आईने टाकलेल्या दोन मुलींना तिच्यात आपापली आई दिसली. वंशाचे उत्तर मिळाले असते तरी ही इच्छा उलगडली नसती. कथा संपते ती रोबर्टाच्या रडण्यावर आणि मॅगीचे पुढे काय झाले, या तिच्या प्रश्नावर. ट्वायलापाशी त्याचे उत्तर नाही.