‘समतुल्य’ आणि ‘प्रयत्न’ : दोन मसुद्यांचें परीक्षण

कायद्याच्या मसुद्याचें वाङ्मयीन परीक्षण करणें हा कित्येकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु ज्या लेखनांतील एकेका शब्दावर हजारों कुटुंबांचें स्वास्थ्य अवलंबून असतें, त्याची पारख कवितेपेक्षां कमी काटेकोरपणें कां व्हावी, हें आम्हांस कळत नाहीं.

पहिला मसुदा आयर्लंडचा. १९२१ सालीं त्या बेटाची फाळणी झाली व उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. पुढें सुमारें तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १० एप्रिल १९९८ रोजीं बेलफास्ट येथें जो करार झाला, त्यानें सीमारेषा पुसली नाहीं. उत्तरेंत मानवी हक्कांस जें संरक्षण मिळेल, निदान त्याच्याशीं समतुल्य संरक्षण आपल्याही बाजूस राहील, असें वचन डब्लिनच्या सरकारनें दिलें. दोहोंकडील मानवी हक्क आयोगांची एक संयुक्त समिति असावी, असेंही ठरलें. ‘समतुल्य’ म्हणजे ‘एकरूप’ नव्हे. पारडीं निरनिराळ्या धातूंचीं असलीं तरी चालतील. वजन सारखें भरलें पाहिजे. हा शब्द ज्यानें योजिला, त्याला राज्यकारभाराइतकेंच भाषेचेंही मर्म कळत असलें पाहिजे. अर्थात् शब्द चांगला म्हणून कार्य तडीस जातेंच असें नाहीं. उत्तरेसाठीं योजिलेल्या स्वतंत्र हक्कसनदेविषयीं तेथील आयोगानें २००८ मध्यें सल्ला दिला, तरी ती सनद अस्तित्वांत आलेली नाहीं.

दुसरा मसुदा आपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं बेळगांव मुंबई राज्यांतून म्हैसूरकडे गेलें. त्याच वेळीं सातव्या घटनादुरुस्तीनें ३५०-अ व ३५०-ब हीं कलमें आणिलीं. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळावें, यासाठीं पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्यानें प्रयत्न करावा, हें पहिल्याचें तात्पर्य. दुसर्‍यानें एक खास अधिकारी नेमण्याची तजवीज केली. हेतु निःसंशय उदार आहे. परंतु सारा दुबळेपणा ‘प्रयत्न’ या शब्दांत सांठविला आहे. प्रयत्न अपुरा पडला, तर जाब कोणीं कोणास विचारावा? राष्ट्रपति राज्यास निर्देश देऊं शकतात. अधिकार्‍याचा अहवाल संसदेपुढें जातो. मुलाच्या बापाच्या हातीं मात्र या कलमांनीं कांहीं दिलें नाहीं. तिसाव्या कलमानें अल्पसंख्यांकांस स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क दिला आहे, हें खरें. पण संस्था काढावयास द्रव्य लागतें, आणि तें शेतमजुरापाशीं नसतें.

आतां दोष मसुद्याचाच काय, आपल्या वाचनाचाही आहे. सीमाप्रश्नावरील आपलें लेखन बहुधा एकाच पारड्याकडे पाहतें. बेळगांव-निपाणीच्या मराठी मुलाची बाजू आपण मांडतों, ती रास्तच आहे. परंतु जत-अक्कलकोटकडील कन्नड मुलाचें काय? महाजन आयोगानें १९६७ च्या अहवालांत बेळगांव म्हैसूरकडेच ठेविलें आणि त्या भागांतील कांहीं गांवेंही म्हैसूरला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्रानें तो अहवाल नाकारिला, आणि २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत दावा लाविला. जत ज्या जिल्ह्यांत आहे, तो सांगली जिल्हा १९४९ मध्यें आमच्या सातार्‍यांतूनच ‘दक्षिण सातारा’ या नांवानें निघाला. मेढ्यास बसून लिहिणार्‍या आम्हांस तरी तो मुलगा परका म्हणतां येत नाहीं.

कर्नाटकानें २०१५ मध्यें कन्नड व महाराष्ट्रानें २०२० मध्यें मराठी शिकणें शाळांतून सक्तीचें करणारे कायदे केले. वाचकांनीं ते शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे. पलीकडच्या कायद्यांत जें वाक्य आपणांस जुलमाचें वाटतें, तसेंच वाक्य आपल्या कायद्यांत अभिमानाचें वाटतें कीं काय, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं ताडून पाहावें.

सीमा कोठें असावी, हा निर्णय न्यायालयाचा. परंतु शिक्षक, पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि कचेरींतील कागद या चार गोष्टी सीमेच्या निकालाची वाट पाहत नाहींत. मुलें दरवर्षीं मोठीं होतात. बेळगांवीं मराठीसाठीं आपण जें मागतों, तें जतला कन्नडसाठीं आपण आधीं देऊन दाखवावें. मग त्या मागणीचें वजन वाढेल, आणि ‘समतुल्य’ हा शब्द मराठींतही अर्थपूर्ण होईल.