दांडा फिरवण्यापूर्वी

२६ जुलै २००५ च्या पुरात ठाणे, कल्याण, डोंबिवलीत वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. तेव्हा दांडा फिरवून चालणारा दुतर्फा रेडिओ शाळेत असावा, हे आम्हांला पटते. जाहिराती मात्र पटत नाहीत. अमेरिकेसाठी बनवलेले संच ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. भारतात अशा हातसंचांना परवान्यातून सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर, अर्ध्या वॉटपर्यंत. जाहिरातीतला पल्ला मोकळ्या मैदानातला; इमारतींच्या दाटीत तो फार घटतो. शिवाय ऐकण्यापेक्षा बोलण्यास कितीतरी अधिक वीज लागते. म्हणून उतरलेल्या बॅटरीवर मिनिटभर दांडा फिरवून किती सेकंद बोलता येते, हे दुकानातच घड्याळ लावून मोजावे. आणि दुसरा संच कोणाकडे राहील, हे आधी ठरवावे.