पाच मिनिटे चौदा सेकंद

१९ जानेवारी २०२५. नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना चौथ्या आणि शेवटच्या टर्नमध्ये आला तेव्हा फलकावर भारत ७३, नेपाळ २४ असे आकडे होते. आता भारताला फक्त पळायचे होते. सामना उलटवायचा तर नेपाळला सात मिनिटांत पंचवीस गडी टिपावे लागले असते, आणि ते होणे नव्हते. आपल्या मुली भराभर बाद झाल्या असत्या तरी चषक कुठे जात नव्हता. अशा वेळी चैत्रा बी. हिची तीनजणींची तुकडी मैदानात उतरली आणि ५ मिनिटे १४ सेकंद हाती लागली नाही.

विश्वचषकाच्या नियमात तीनजणींची तुकडी तीन मिनिटे टिकली की संरक्षण करणाऱ्या संघाला एक गुण मिळतो आणि पुढे दर अर्ध्या मिनिटाला एकेक. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. तीन, साडेतीन, चार, साडेचार, पाच असे पाच टप्पे ओलांडून चैत्राच्या तुकडीने ७३चे ७८ केले. नेपाळने १६ गुण जोडले आणि सामना ७८-४० असा संपला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत अडतीस गुणांच्या फरकाचे कौतुक झाले, ते योग्यच. पण या सामन्याचा खरा रस त्या शेवटच्या पाच गुणांत आहे, असे मला वाटते.

थोडा हिशेब मांडू. एक गडी बाद म्हणजे दोन गुण. पहिल्या टर्नमध्ये भारताने ३४ गुण घेतले, म्हणजे सात मिनिटांत सतरा गडी, एका गड्यामागे पंचवीस सेकंदांहूनही कमी. दुसऱ्या टर्नमध्ये नेपाळने बारा गडी टिपून २४ गुण केले, भारताच्या एका तुकडीने तीन मिनिटांचा उंबरठा ओलांडून एक गुण मिळवला, आणि मध्यंतराला आकडे होते ३५-२४. तिसऱ्या टर्नमध्ये भारताचे एकोणीस गडी, ३८ गुण. आता चौथा टर्न पाहा. नेपाळचे एकूण बळी आठ. त्यांतल्या तिघी चैत्राच्या तुकडीतल्या धरल्या, तर उरलेले पाच गडी नेपाळने पावणेदोन मिनिटांत उचलले. एका गड्यामागे जेमतेम एकवीस सेकंद. भारताचे आक्रमणही त्याच वेगाचे होते. पाठलागाच्या झपाट्यात दोन्ही संघांत फार अंतर नव्हते. अंतर पडले ते पळण्यात. अडतीस गुणांच्या फरकामागे हे लपलेले आहे, आणि मिनिटे मोजल्याशिवाय ते दिसत नाही.

मराठी वृत्तपत्रांचे क्रीडावार्ताहर हे फार आधीपासून जाणतात. खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे कंसात मिनिटे येतात: अमकीचे २.१०, १.४० मिनिटे संरक्षण आणि तीन गडी. मिनिटे आधी, गडी नंतर. मराठवाड्यात हा खेळ पाहत वाढलेला प्रेक्षक तो कंस वाचूनच सामना डोळ्यांपुढे उभा करतो. दोन मिनिटे म्हणजे बरे, तीन म्हणजे उत्तम, चारच्या पुढे गेली की मैदानाच्या कडेला बसलेली माणसे उभी राहतात.

पळणे म्हणजे नुसती धाव नव्हे. दोन खांबांच्या मधल्या पट्टीत आक्रमक संघाच्या मुली रांगेत बसलेल्या असतात, एकीचे तोंड इकडे तर तिच्या शेजारणीचे तिकडे. मागे लागलेल्या मुलीला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत माघारी वळता येत नाही. पळणाऱ्या मुलीला मात्र सगळे रान मोकळे. ती बसलेल्या दोघींच्या मधून या अंगाला, पुढच्या दोघींच्या मधून त्या अंगाला अशी ओवत जाते, ती एकेरी साखळी. दोघींना एकदम ओलांडून वळसा घेतला की दुहेरी साखळी. बाहेरून पाहणाऱ्याला हे वळणच तेवढे दिसते. कसलेली मुलगी वळणाच्या आधी अर्धे पाऊल आखडते. त्या अर्ध्या पावलाने मागची फसते. तिला वाटते ही आत शिरणार, म्हणून ती समोर बसलेलीला खो देऊन मोकळी होते. उठणारी ज्या बाजूला झेपावते ती बाजू तोवर रिकामी झालेली असते. ही हुलकावणी पायांत असते, चेहऱ्यावर नसते. चैत्राच्या तुकडीचे पळणे पुन्हा पाहताना मी तिच्या पायांकडेच पाहत राहिलो. पाच मिनिटांनंतरही वळणावर तिचा पाय घसरत नव्हता आणि टाच टेकत नव्हती. दमलेली मुलगी टाच टेकते आणि तिथेच सापडते.

तिघींपैकी एकीच्या मागे पाठलाग असतो तेव्हा बाकीच्या दोघी काय करतात, हेही पाहण्यासारखे. कच्च्या तुकडीत त्या लांबच्या कोपऱ्यात श्वास घेत थांबतात. पक्क्या तुकडीत त्या हळूच अशा जागी सरकतात, की मागे लागलेलीला आपले सावज सोडून इकडे वळावेसे वाटावे. लोभ दाखवायचा आणि वेळ काढायचा. पाच मिनिटे एकटीच्या दमसासावर निघत नाहीत, ती तिघींच्या समजुतीवर निघतात.

आक्रमणाची शोभा वेगळी. कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातली, कळमअंबा गावची. तिच्या संघाने पहिल्या आणि तिसऱ्या टर्नमध्ये मिळून छत्तीस गडी उचलले, ते खो देण्याच्या टायमिंगवर. खो पाठीमागूनच द्यावा लागतो. हाताचा स्पर्श आणि तोंडचा शब्द एकाच क्षणी, आणि बसलेलीने त्याआधी जागचे हलायचे नाही. शब्द आधी निघाला तरी फाऊल, उठणारी आधी उठली तरी फाऊल. नऊ-दहा वर्षांच्या मुलींचा शाळेच्या मैदानातला खो-खो पाहिला तर अर्धा वेळ शिट्टीच वाजत असते. या संघाने ती लय इतकी मुरवली होती की पळणारी खांबाकडे झेपावली की तिच्या वाटेवर कोणीतरी आधीच उठत असे. आणि खांबापाशी सूर! खांब जेमतेम कमरेच्या वर, १२० ते १२५ सेंटीमीटरचा. एका हाताने त्याला विळखा घालून सगळे अंग जमिनीशी समांतर फेकायचे आणि पलीकडे निसटणाऱ्या पायाला बोटे लावायची. मॅटवर हे बघायला देखणे आहे. मुरमाच्या मैदानावर हाच सूर मारून कोपर आणि गुडघे सोलून घेतलेल्या मुलींनी तो शिकलेला आहे, हे मात्र मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला विसरता येत नाही.

याच संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. धाराशिव आम्हा लातूरकरांना परके नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा निघाला तो त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातूनच. २०११च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आहे, नांदेडच्या निम्मीच. एवढ्याशा मुलखाने देशाच्या संघाला एकामागून एक खेळाडू द्यावेत, याला जगात तोड शोधायची तर युरोपातल्या लिथुआनियाकडे जावे लागते. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या सुमारे २८ लाख, एकट्या नांदेड जिल्ह्याहून कमी. पण बास्केटबॉलमध्ये १९३७ आणि १९३९ साली त्यांनी युरोप जिंकला. मग देशच सोव्हिएत संघात गेला. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्ण जिंकले तेव्हा साबोनिससह त्याचे आधारस्तंभ लिथुआनियाचे होते. स्वतःच्या झेंड्याखाली १९९२ साली बार्सिलोनात कांस्य, १९९६ आणि २००० मध्ये पुन्हा कांस्य, आणि २०२३च्या विश्वचषकात अमेरिकेवर ११०-१०४ असा विजय. लहान मुलूख एक खेळ उराशी धरतो तेव्हा तिथे चांगला खेळाडू हा अपवाद राहत नाही. शेजारची ताई खेळते म्हणून धाकटी खेळते, आणि गावातल्या कोणालाही साखळी कुठे तुटली ते कळते.

धाराशिवची ती ताई म्हणजे सारिका काळे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती आणि भारताने सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी इंदूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही भारत जिंकला. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हेच वर्ष. मातीचे मैदान रोज पाणी मारून दाबल्याशिवाय खेळायला होत नाही. प्यायच्या पाण्याचे टँकर मोजणाऱ्या मुलखातून भारताची कर्णधार गेली होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. घरच्या गरिबीमुळे कित्येक वर्षे दिवसाला एकच वेळ जेवण मिळत असे, हे सारिकाने पुढे स्वतः सांगितले आहे. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोतला अर्जुन १९९८ साली शोभा नारायण यांना मिळाला होता. मधली बावीस वर्षे या खेळाकडे कोणी पाहिलेच नव्हते. २०२३ सालचा अर्जुन नसरीन शेख हिला मिळाला. सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली, ही मला पुरस्काराइतकीच मोठी गोष्ट वाटते. खेळातून आलेली बाई खेळाच्या खुर्चीवर बसली की मैदानाला पाणी कधी मारायचे हे तिला कोणी सांगावे लागत नाही.

मग लातूर आणि नांदेडचे काय? इथे मन दुखते. दोन्ही शहरांत संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ शिकवणीवर्गांची आहे. लातूर पॅटर्न नावाच्या अभ्यासपद्धतीने हजारो मुलांना डॉक्टर, इंजिनीअर केले, त्याचा अभिमान आहेच. पण खो-खोही नेमके हेच तास मागतो, आणि दहावी-बारावीची हीच वर्षे मागतो. अठरा वर्षांखालच्या गटात वीर अभिमन्यू आणि जानकी हे पुरस्कार असतात. तिथवर पोचण्याची ताकद असलेली किती मुले-मुली अकरावीला मैदान सोडतात, ते कुठल्याही शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला विचारा. त्यांना दिवसातले दोन तास मोकळे करून देणारे एखादे महाविद्यालय, एखादा वर्ग पुढे यावा, असे फार वाटते.

खेळाचा प्रवास तसा लांबचा आहे. १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधायला घेतले, १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली छापली, १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९९६ साली कोलकात्यात पहिली आशियाई. २०२२ साली अल्टिमेट खो-खो लीग आली आणि खेळ मॅटवर, दिव्यांखाली, दूरचित्रवाणीवर आला. तिच्या पहिल्याच मोसमाचा अंतिम सामना ओडिशाने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ असा एका गुणाने घेतला. मॅटमुळे सूर वाढले, वेग वाढला, पैसा आला, हे चांगले झाले. मात्र टर्न नऊ मिनिटांचा सात झाला आणि दर गड्याला दोन गुण मिळू लागले, तसा पारड्याचा काटा आक्रमणाकडे झुकला. तीन मिनिटांपर्यंत पळणाऱ्याला शून्य. म्हणजे २ मिनिटे ५५ सेकंद टिकलेली तुकडी कागदावर आणि दहा सेकंदांत गारद झालेली तुकडी कागदावर, दोन्ही सारख्याच. हा नियम बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे. दोन मिनिटांपासून मोजायला लागा, साखळी आपोआप परत येईल. चैत्राने तो झुकलेला काटा एकाच धावेत ओढून सरळ केला, म्हणून ती धाव मोठी.

आणि नेपाळ. २०२३ साली आसामात तामुलपूरला झालेल्या आशियाई स्पर्धेत दोन्ही अंतिम सामने भारत आणि नेपाळ यांच्यातच झाले. विश्वचषकात पुरुषांच्या पहिल्याच सामन्यात भारताला नेपाळवर ४२-३७ असा अवघ्या पाच गुणांनी विजय मिळाला. कर्णधार प्रतीक वाईकरच्या संघाला त्या रात्री घाम फुटला होता. सहा दिवसांनी अंतिम सामना भारताने ५४-३६ असा घेतला. फरक वाढला, पण पारितोषिकांची यादी नीट वाचा. महिलांच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू चैत्रा, उत्कृष्ट आक्रमक अंशू कुमारी, दोघी भारताच्या. उत्कृष्ट संरक्षक नेपाळची मनमती धामी. पुरुषांत सर्वोत्तम खेळाडू मेहुल, उत्कृष्ट आक्रमक सुयश गरगटे, आणि उत्कृष्ट संरक्षक पुन्हा नेपाळचाच, रोहित बर्मा. दोन्ही सामने हरलेल्या देशाने पळण्याची दोन्ही पारितोषिके नेली. मैदानात उशिरा आलेल्या या शेजाऱ्याने खेळाची अवघड बाजू आधी हाती घेतली आहे. तिघींतल्या एकीला जमले ते उरलेल्या दोघींना जमायला फार वर्षे लागत नाहीत, आणि पुढच्या अंतिम सामन्यात पंचवीस सेकंदांत गडी मिळेल या हिशेबाने आपल्या आक्रमकांनी उतरू नये.