संगणकातली जागा कोणाची?

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना वाटेत नेसरी लागते. प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा सोबत्यांमुळे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमचे तिथे जाणे मात्र झाडांच्या निमित्ताने झाले. गावातल्या एका शाळेत विज्ञानाच्या बाईंनी मुलांकडून एक साधा उपक्रम करून घेतला होता. शाळेच्या परिसरातली दहा झाडे निवडायची आणि दर सोमवारी त्याच जागेवर उभे राहून प्रत्येक झाडाचा एक फोटो काढायचा. पळसाला कळी कधी दिसली, जांभळाला मोहर कधी आला, पालवी किती दिवस तांबूस राहिली, हे सगळे त्यातून कळावे. दोन वर्षे हे काम नेमाने चालले होते. ते पाहायला म्हणून आम्ही गेलो.

पाहायला काहीच उरले नव्हते. "सर, संगणकावर जागा संपल्याची सूचना सारखी येत होती," बाई म्हणाल्या, "परीक्षेचे काम अडले होते. मग सुट्टीत बसून बरेच काही काढून टाकले. त्यात फोटोही गेले. कचरापेटीही रिकामी केली." मुलांच्या वहीत तारखा होत्या, पण फोटो नव्हते.

आम्ही तो लॅपटॉप उघडून बसलो. भोवती सातवीची पाच-सहा मुले होती. जागा कशाने भरली आहे ते एकेक फोल्डर मोजत पाहू लागलो. प्रशिक्षणाचे व्हिडिओ तीन-तीनदा साठवलेले होते. जुन्या प्रणालीची प्रत पडून होती. आणि एरवी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका फोल्डरात सुमारे 4 जीबीची एकच फाइल होती. ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलची होती. शाळेत कोणी ते मागितले नव्हते, वापरलेही नव्हते. एका मुलाने फाइलची तारीख वाचली. बाईंनी साफसफाई केली त्यानंतर चार दिवसांनी ती आलेली होती. "म्हंजे आपण जागा केली आणि हे येऊन बसलं की, सर!" तो म्हणाला.

या फाइलने फोटो पुसले, असे आम्ही म्हणणार नाही. फोटो माणसाने पुसले आणि जागा भरण्याची मुख्य कारणेही दुसरीच होती. तरीही त्या मुलाच्या वाक्यात एक प्रश्न आहे आणि तो शिक्षकांनी विचारण्याजोगा आहे. संगणकातली मोकळी जागा नेमकी कोणाची?

प्रथम हे मॉडेल एवढे मोठे का असते ते पाहू. हे गणित फळ्यावर मांडता येते. भाषेचे मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांची एक प्रचंड यादी असते. या आकड्यांना भारांक म्हणू. एका शब्दानंतर दुसरा कोणता येण्याचा संभव किती, हे या भारांकांच्या गुणाकार-बेरजांतून ठरते. गूगलने डिसेंबर 2023 मध्ये 'जेमिनाय नॅनो' या नावाची दोन लहान मॉडेल्स जाहीर केली. त्यांतल्या मोठ्यात 3.25 अब्ज भारांक होते. प्रत्येक भारांक दोन बाइटमध्ये लिहिला तर 6.5 अब्ज बाइट, म्हणजे 6.5 जीबी जागा लागेल. तोच भारांक ढोबळ करून अर्ध्या बाइटात, म्हणजे 4 बिटांत बसवला, तर सुमारे 1.6 जीबी पुरतात. नॅनो मॉडेल्ससाठी हीच 4 बिटांची युक्ती वापरलेली आहे. आपण 3.14159 ऐवजी 3.1 घेतो, तशातलाच हा प्रकार. अचूकता थोडी घटते, जागा पुष्कळ वाचते. अर्थात एका मॉडेलवर नेहमी भागत नाही. लेखनाला एक, चित्रांना दुसरे, असे करता करता आकडा वाढत जातो.

4 जीबी म्हणजे किती हेही मुलांना दाखवावे. आपल्यापैकी अनेकांनी वापरलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीत 14,74,560 बाइट मावत. 4 अब्ज बाइटांना अशा सुमारे 2,700 फ्लॉप्या लागतील. एक फ्लॉपी 3.3 मिलिमीटर जाडीची. त्या एकावर एक रचल्या तर जवळजवळ 9 मीटरचा मनोरा होईल, म्हणजे शाळेच्या दुमजली इमारतीपेक्षा उंच. मुलांच्या फोटोंचेही गणित करू. दहा झाडे, दोन वर्षांतले सुमारे 90 सोमवार, म्हणजे 900 फोटो. फोटोला 3 एमबी धरले तर 2.7 जीबी. दोन वर्षांचा सगळा उपक्रम त्या एका फाइलच्या दोन-तृतीयांश जागेत मावत होता.

आता दुसरी बाजू. नेसरीच्या त्या लॅपटॉपची साठवण 256 जीबीची होती. (पडद्यावर ती 238 दिसते. बनवणारे 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात आणि विंडोज प्रणाली 1,024 चा तिसरा घात धरते. दिसणाऱ्या तुटीचे कारण एवढेच.) त्यात 4 जीबी म्हणजे शंभरात दोनही नाहीत. शिवाय मॉडेल आपल्याच संगणकात असण्याचे खरे फायदे आहेत. लिहिलेला मजकूर दूरच्या यंत्राकडे पाठवावा लागत नाही, त्यामुळे खासगीपणा राहतो. इंटरनेट नसतानाही काम चालते. पावसाळ्यात ज्या गावात नेटवर्क दिवसदिवस जाते, तिथे हा गुण लहान नाही. म्हणून 'ही सगळी अडगळ आहे, काढून टाका' असे सरसकट सांगणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

मग तक्रार कशाची? तीन गोष्टींची.

पहिली, न विचारण्याची. क्रोम ब्राउझरसाठी गूगलने दिलेल्या माहितीनुसार, नॅनो मॉडेल उतरवायला 22 जीबी जागा मोकळी असावी लागते. पुढे मोकळी जागा 10 जीबीच्या खाली गेली तर मॉडेल आपोआप काढले जाते आणि अटी पुन्हा पुऱ्या झाल्या की ते पुन्हा उतरते. या नियमात विचार आहे, हे मान्य करू. संगणक तुडुंब भरू नये याची काळजी त्यात घेतलेली आहे. पण त्यामागचे गृहीत पाहा. मोकळी जागा दिसली म्हणजे ती वापरायला मोकळीक आहे, असे ते गृहीत आहे. शिक्षकाने फोटो पुसून जागा केली ती उद्याच्या फोटोंसाठी, हे यंत्राला कळण्याचा मार्गच नाही. अ‍ॅपलच्या बाबतीतही असेच घडले. 'अ‍ॅपल इंटेलिजन्स' ही सोय ऑक्टोबर 2024 मध्ये आली तेव्हा तिला 4 जीबी जागा लागे. डिसेंबरात ती गरज 7 जीबी झाली. जानेवारी 2025 च्या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्यांसाठी ती सोय आपोआप चालू होऊ लागली.

दुसरी, भाषेची. 'अ‍ॅपल इंटेलिजन्स' सुरुवातीला अमेरिकेतल्या इंग्रजीपुरतेच होते. एप्रिल 2025 मध्ये भाषा वाढवल्या गेल्या, त्यांत भारतीय इंग्रजी आली, जपानी आणि कोरियन आल्या, मराठी आली नाही. जी सोय मराठी माध्यमाच्या वर्गात मुलाशी त्याच्या भाषेत बोलू शकत नाही, तिने 7 जीबी कशासाठी अडवावेत? जागा सर्वांची सारखीच घ्यायची आणि उपयोग काहींनाच द्यायचा, हा हिशेब आम्हाला बरोबर वाटत नाही.

तिसरी तक्रार आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. जागा कमी पडली की संगणक आपल्यापुढे यादी ठेवतो, ती आकारानुसार. वर मोठ्या फाइली, खाली लहान. त्या यादीत आपली चित्रे, आपले व्हिडिओ, आपले लेख स्पष्ट नावांनी दिसतात. प्रोग्रॅमने स्वतःहून आणलेला ऐवज 'इतर' किंवा 'सिस्टिम' अशा मोघम नावाखाली जातो. साहजिकच हात आपल्याच वस्तूंकडे वळतो. खरे म्हणजे पुसण्याआधी विचारायचा प्रश्न 'किती मोठे?' हा नाही. 'पुन्हा मिळेल का?' हा आहे. मॉडेलची फाइल उद्या पुन्हा उतरवता येते. जगभरच्या संगणकांत तिच्या प्रती आहेत. पण दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी नेसरीतल्या जांभळावर किती मोहर होता, याची जगात एकच प्रत होती. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की उपकरण पुन्हा घेता येते, निरीक्षण पुन्हा घेता येत नाही. हे मूल्य साठवणुकीच्या पडद्यावर कुठेच नाही.

पुसलेले परत मिळेल का, असे बाईंनी विचारले. जुन्या फिरत्या चकतीवर फाइल पुसली तरी मजकूर लगेच जात नसे. फक्त अनुक्रमणिकेतले नाव खोडले जाई आणि वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो परत काढता येई. हल्लीच्या एसएसडी साठवणीत प्रणाली त्या जागा रिकाम्या झाल्याचे लगेच कळवते आणि साठवण त्या आतून साफ करते. त्यामुळे आशा फार कमी असते. आम्ही प्रयत्न करून पाहिला. एकही फोटो आला नाही.

हे टाळण्यासाठी आम्ही शाळेत काय केले ते सांगतो. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. प्रथम मुलांनाच मोजायला बसवले. सेटिंग्जमधला स्टोरेज विभाग उघडून, मग फोल्डर आकारानुसार लावून, पहिल्या दहा मोठ्या गोष्टी वहीत उतरवल्या. प्रत्येकीसमोर दोन खाणी केली: 'पुन्हा मिळेल' आणि 'मिळणार नाही'. पुसायचे ते पहिल्या खाण्यातलेच. दुसऱ्या खाण्यातल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या संगणकावर, असा नियम केला. मॉडेलची फाइल मात्र आम्ही थेट पुसली नाही. तसे केले तर प्रोग्रॅमला ती गायब दिसते आणि तो ती पुन्हा आणतो. गळक्या नळाखालची बादली ओतल्यासारखे होते. आधी त्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये ती सोय बंद केली, मग फाइल काढली आणि आठवड्याने पुन्हा पाहिले. ती आली नव्हती.

क्रोमसाठी असे मॉडेल उतरवूच नये असा नियम लावण्याची सोय गूगलने संस्थांच्या प्रशासकांना दिलेली आहे. मोठ्या कार्यालयांत ती उपयोगी पडते. पण खेड्यातल्या शाळेत प्रशासक कोण? विज्ञानाच्या बाईच. त्यांनाच पोषण आहाराचा हिशेब लिहायचा, त्यांनाच परीक्षेचे गुण भरायचे आणि त्यांनाच लपलेला फोल्डर शोधायचा. म्हणून केवळ 'शिक्षकांनी शिकून घ्यावे' असे म्हणून आम्ही थांबणार नाही. बनवणाऱ्यांकडे मागणे आहे. आणण्यापूर्वी विचारा. आणल्यावर साठवणीच्या यादीत त्याचे नाव आणि आकार स्पष्ट लिहा. आणि एकदा नको म्हटले की पुन्हा आणू नका.

हे मागणे अवास्तव नाही. मायक्रोसॉफ्टने मे 2024 मध्ये 'रिकॉल' ही सोय जाहीर केली. पडद्याची चित्रे टिपून ठेवणाऱ्या या सोयीला 256 जीबीच्या संगणकावर 25 जीबी जागा ठरवून दिलेली होती. सुरक्षिततेवरून जाणकारांनी कडक टीका केली. जूनमध्ये कंपनीने जाहीर केले की ती मुळात बंद राहील आणि ज्याला हवी तो चालू करील. पुढे ती संगणकातून काढून टाकण्याचीही सोय झाली. विचारणारे विचारत राहिले की उत्तर मिळते.

निघताना मुलांनी पुन्हा सोमवारचे फोटो सुरू करायचे ठरवले होते. गेलेली दोन वर्षे त्यांतून भरून येणार नाहीत. वहीतल्या तारखा मात्र शाबूत आहेत आणि पळस पहिल्यांदा कोणत्या सोमवारी फुलला ते त्या अजूनही सांगतात. ती वही बाईंनी आता कपाटात कुलपाखाली ठेवली आहे. आपल्या शाळेच्या संगणकात अशी एकुलती एक प्रत कशाची आहे, हे या महिन्यात एकदा मुलांना घेऊन शोधून पाहावे.