नकाशाची स्मृती कोणाच्या हाती?

शासनाचा नकाशा म्हणजे जमिनीचे निव्वळ चित्र, असे आपल्याला शिकविले गेले. परंतु मराठवाड्यातील भूमिहीनाला त्याचा खरा अर्थ ठाऊक आहे. ज्याचा कब्जा कागदावर आला तो खातेदार ठरतो; ज्याचा आला नाही तो पिढ्यान्‌पिढ्या कसूनही अतिक्रमक ठरतो. म्हणून नकाशा जपण्याचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न आहे.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली. ड्रोनने गावठाणांची मोजणी व घरमालकास मिळकत पत्रिका, असे तिचे स्वरूप. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. मोजणीच्या अचूकतेचे कौतुक पुष्कळ झाले. पण हे संगणकीय नकाशे पन्नास वर्षांनी वाचता येतील काय, हा प्रश्न ऐकू येत नाही.

२०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली. उर्दू व मोडी जाणणारा माणूस बसला की कागद बोलू लागे. फाईलीला नुसता वाचणारा पुरत नाही, तिला तिचे यंत्रही लागते. ब्रिटनमध्ये १९८६ साली नकाशे व छायाचित्रे लेसर तबकड्यांवर साठविली. २००२ च्या सुमारास त्या वाचण्यासाठी संशोधकांना वेगळा प्रकल्प उभारावा लागला. ज्या १०८६ च्या नोंदवहीच्या स्मरणार्थ हा खटाटोप झाला, ती मात्र आजही वाचता येते.

दुसरा धोका दुरुस्तीचा. कागदावरची रेघ खोडली तरी ओरखडा उरतो. संगणकात जुनी प्रत मुद्दाम राखली नाही, तर कालची हद्द मागमूस न ठेवता जाते.

याची झळ कोणाला? भूमिहीनांची गायरानावरील शेती नियमानुकूल करताना १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० ही मुदत धरली. त्याआधीच्या कब्ज्याचा पुरावा दलित कास्तकाराने कोठून आणावा? १७ मार्च १९८८ रोजी सोडलेला भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह भूमीची चित्रे घेत होता. त्याच्या अधिक बारीक चित्रातही एक ठिपका सुमारे ३६ मीटरांचा; म्हणजे एक एकर जेमतेम तीन ठिपक्यांत मावतो. एकट्याचे शेत त्यावरून सिद्ध होणार नाही. पण वस्तीने मिळून वहितीखाली आणलेला पंचवीस एकरांचा पट्टा दिसू शकतो. अशा चित्रांचे मोल पाहणीपत्रकाइतकेच मानले पाहिजे.

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्रीय कार्यालयांतील संगणकनिर्मित सामग्रीही अभिलेख मानली आहे. तेव्हा मागणी स्पष्ट हवी. दरवर्षीच्या नकाशाची तारखेसह गोठविलेली प्रत राखावी. ती कोणा एका कंपनीच्या आज्ञावलीवाचून उघडता यावी. निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. छापील प्रत ग्रामपंचायतीत असावी, आणि दावेदाराला ती मागताच मिळावी.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्या लढ्यातून मिळालेले टिकवायचे असेल, तर सातबाऱ्यासाठी तुळजापूरच्या तहसिलीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने यापुढे जुन्या नकाशाची प्रतही लेखी मागावी, आणि नकार मिळाल्यास तोही लेखीच घ्यावा.