शून्य मतं, १,०५७ मतं आणि नमुना १७-सी

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावाचा तो दावा तुमच्याही फोनवर आला असेल: काँग्रेसच्या कुणाल पाटलांना इथे शून्य मतं! राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडून खुलासा आला. गावातल्या चार केंद्रांवर (२४७ ते २५०) त्यांना २२७, २३४, २५२ आणि ३४४, म्हणजे १,०५७ मतं पडली होती. दावा खोटा ठरला. पण संशोधनाला निघालात ना? मग पुढचं विचारा: खुलाशाने नेमकं काय सिद्ध झालं?

नमुना १७-सी घ्या. भाग १ मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष भरतो: नोंदवहीत किती मतदार, किती जणांनी सही करूनही मत दिलं नाही, यंत्रात एकूण मतं किती, कागदी सीलचा हिशेब. याची साक्षांकित प्रत पोलिंग एजंटांना मिळते. भाग २ मोजणीच्या टेबलावर भरतात, उमेदवारनिहाय. दोन्हींच्या बेरजा जुळल्या, तर मधल्या काळात मतांची संख्या बदलली नाही एवढंच कळतं. कुणाला किती, हे भाग १ मध्ये नसतंच.

'शून्य' खोडायला भाग २ पुरतो. तो उमेदवारांच्या मोजणी प्रतिनिधींसमोरच भरला जातो, त्यामुळे दावा पसरवणाऱ्यांनी निदान आपल्या माणसाला विचारायचं होतं. मात्र ज्याचा यंत्रावरच अविश्वास आहे, त्याला यंत्राचाच आकडा दाखवून काय उपयोग? तिथे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्याच लागतात, आणि २०१९ पासून त्या दर विधानसभा क्षेत्रात सोडतीने काढलेल्या पाच केंद्रांच्याच मोजतात. खुलाशात मला खटकलं ते हे: शंका एका प्रकारची, उत्तर दुसऱ्या.

उलट, 'बेरजा जुळल्या नाहीत म्हणजे घोटाळा' हेही घाईचं. चाचणी मतदानाची मतं पुसायची राहिली किंवा १७-सीशी आकडा जुळला नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. २०२४ मध्ये विजयाचं अंतर अशा यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा मोठं असलं, तर ती मोजतच नसत. २०२४ च्या लोकसभेला जळगावात अंतर अडीच लाखांवर होतं. तिथे अशा यंत्रांनी निकाल हलणं अवघड. धुळ्यात ते फक्त ३,८३१ होतं. एका केंद्रावर नऊशे मतं धरा: अशी पाच यंत्रं निघाली असती तरी त्यांच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागल्या असत्या. तेव्हा फरक दिसला की आधी शोधा, किती यंत्रं बाजूला होती आणि टपाली मतं कुठल्या बेरजेत धरली होती.